संध्याकाळी पाच दहाची फाईल

बडोद्याजवळच्या नंदेसरीत आमच्या केमिकल कारखान्यात कॉम्प्युटर खातं म्हणजे दोन माणसं होती, मी आणि काका. मी नुकतीच पदवी घेऊन आलेली, तेवीस वर्षांची, आणि आपल्याला सगळं येतं याची खात्री असलेली. काका पन्नाशी उलटलेले. नात्याने ते माझे कोणी नव्हते. पण बडोद्यात एका मराठी माणसाने दुसऱ्या मराठी माणसाला दिवसभर 'सर, सर' करायचं म्हणजे दोघांनाही अवघडल्यासारखं होतं, म्हणून पहिल्याच आठवड्यात सरांचे काका झाले. त्यांचे आजोबा संस्थानच्या घोडदळात होते, वडील कारकून होते, आणि ते स्वतः कारखान्यात प्रेशर गेज दुरुस्त करायला लागले होते. कॉम्प्युटर आले तेव्हा 'हे कोण बघणार?' या प्रश्नावर बाकी सगळे छताकडे बघत बसले आणि काकांनी हात वर केला. त्यांची पात्रता एवढीच, असं मला तेव्हा वाटायचं.

त्यांच्या डब्याच्या पिशवीला बाजूला एक कप्पा होता. त्यात एका जुन्या एक्स-रेच्या पाकिटात गुंडाळलेली सीडी असायची. स्टेशनवरच्या स्टॉलवरून ते दर महिन्याला एक कॉम्प्युटरचं मासिक घेत, त्याच्याबरोबर ती फुकट आली होती. लोक अशा सीड्या चहाच्या कपाखाली ठेवत नाहीतर खिडकीत कबुतरं हाकलायला टांगत. काकांनी ती घालून बघितली आणि त्यांना खजिनाच सापडला. ही सीडी आत सरकवून मशीन चालू केलं की ते स्वतःच्या हार्ड डिस्कला हात न लावता, सगळं काही सीडीवरूनच घेऊन उभं राहायचं. मेमरी तपासायची, डिस्क तपासायची, पंखा किती वेगाने फिरतोय ते बघायचं, डिस्कवरच्या फायली नुसत्या वाचायच्या आणि दुसरीकडे उतरवून घ्यायच्या, अशी सगळी हत्यारं तिच्यात होती.

"घरातलं माणूस तापाने फणफणलंय," काका म्हणायचे, "तर त्यालाच उठवून स्वयंपाक करायला लावशील का? तसंच आहे. आजारी डिस्कला आधी झोपू दे. आपण आपला डबा घेऊन जायचं."

आणि ते खरोखर डबाच घेऊन जायचे. सर्व्हर बंद पडला की सगळ्या खात्यांतून माणसं दारात गोळा होत, जो तो 'बंद करून चालू करा' असा सल्ला देई, आणि काका त्या गर्दीतून वाट काढत पिशवीसकट आत शिरत. मग सीडी काढायच्या आधी वही काढत. मला त्या वहीचा भयंकर राग यायचा. लोक खोळंबलेत, मॅनेजर साहेबांचे फोनवर फोन येताहेत, आणि हे गृहस्थ पानाच्या वर दोन वेळा लिहिताहेत: हातातल्या घड्याळाची आणि मशीनच्या घड्याळाची. मग पडद्यावर येणारं इंग्रजी अक्षरन् अक्षर उतरवून घ्यायचं. काकांचं इंग्रजी यथातथाच होतं, त्यामुळे एकेक ओळ दोनदा ताडून बघत आणि तिच्याखाली आपल्याला समजलेला मराठी अर्थ लिहीत. 'डिस्क ऐकते पण उत्तर उशिरा देते', 'मेमरीचा दुसरा पट्टा खोटं बोलतो', असे ते अर्थ असायचे. हे सगळं झाल्याशिवाय ते कीबोर्डवर एकही दुरुस्तीचा हुकूम देत नसत.

"काका, हे नंतर लिहा ना," मी एकदा वैतागून म्हणाले.

"नंतर लिहिलं तर मला जे पाहिजे ते लिहीन," ते म्हणाले. "आता लिहिलं तर जे आहे ते लिहितो."

मी तोंड फिरवून हसले होते. ते आठवलं की आजही मला स्वतःचे कान पिळावेसे वाटतात.

नंदेसरीच्या हवेत ॲसिडची वाफ असायची. निजामपुऱ्याहून कंपनीच्या बसने आम्ही निघायचो आणि उतरायच्या आधीच घसा खवखवायला लागायचा. माणसांचे घसे तसे कॉम्प्युटरचे सांधे. मेमरीच्या पट्ट्याला सोनेरी दात असतात, ते महिन्या-दोन महिन्यांत काळवंडत आणि सर्व्हर उठायचं नाव घेत नसे. बाहेरून येणारे इंजिनियर सरळ नवा पट्टा लावा म्हणायचे. काका सीडीवरून मेमरीची तपासणी लावून देत, कुठला पट्टा चुकतोय ते शोधत, तो काढत, आणि शाळेतल्या मुलांच्या खोडरबराने त्याचे दात हलक्या हाताने घासत. पुन्हा लावायचा, पुन्हा तपासणी. ती संपेपर्यंत दोन-तीन तास ते स्टुलावर बसून राहत, मधेच उठून 'झालं असेल' म्हणत नसत. इतका धीर मी दुसऱ्या कोणात पाहिला नाही. माझ्यात तर नव्हताच.

लॅब आमच्या खोलीला लागूनच होती. तिथे एक बेन होत्या, गुजराती, एकोणीस वर्षं तिथेच काम केलेल्या. नवरा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेला होता, घर तिथंच वर्कशॉपजवळ. तयार झालेल्या प्रत्येक बॅचचा नमुना त्यांच्याकडे यायचा. त्या तपासणार, पास की नापास ते कॉम्प्युटरवर टाकणार, आणि गेटवरच्या डिस्पॅचला, म्हणजे माल रवाना करणाऱ्यांना, एक चिठ्ठी पाठवणार. प्रत्येक बॅचची एक वेगळी फाईल सर्व्हरवर बनायची. मी डबा विसरले की त्यांच्या डब्यातलं थेपलं माझ्यासमोर येई, आणि मी विसरले नाही तरीही येई.

एका सोमवारी सकाळी आम्ही पोचलो तर आमच्या खोलीत आणि लॅबमध्ये, दोन्हीकडे गोंधळ उडालेला. रविवारी मेंटेनन्ससाठी वीज बंद होती, ती आल्यावर सर्व्हर उठलाच नव्हता. आणि भरुचकडच्या एका गिऱ्हाईकाचा फोन आला होता की शनिवारी आलेला माल खराब निघाला, त्यांचं अख्खं उत्पादन फुकट गेलं. मॅनेजर साहेबांनी बेनना बोलावलं. बेन म्हणाल्या, ही बॅच मी नापास केली होती, शनिवारी सकाळीच तसं कॉम्प्युटरवर टाकलं होतं आणि चिठ्ठीही पाठवली होती. डिस्पॅचवाले म्हणाले, ट्रक अडीचला सुटला तोपर्यंत आमच्याकडे चिठ्ठीही आली नाही आणि कॉम्प्युटरवरही काही नव्हतं. चिठ्ठी सापडेना. म्हणजे खरं काय ते एकट्या सर्व्हरला ठाऊक, आणि तो मेल्यासारखा पडलेला.

काका त्या दिवशी बडोद्यात नव्हते. भाचीच्या लग्नासाठी साताऱ्याला गेले होते, बुधवारी येणार होते. जाताना सीडी माझ्या टेबलावर ठेवून गेले होते, त्या एक्स-रेच्या पाकिटासकट.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. दारात सगळा कारखाना उभा, आणि पहिल्यांदाच स्टुलावर मी. सीडी घातली, मशीन चालू केलं. एका पट्ट्याला तिने नावं ठेवली, तो मी काढून ठेवला, आणि उरलेल्या मेमरीवर ती झकास उभी राहिली. सुरुवातीला एक पडदा यायचा, त्यात तुमचा देश निवडा म्हणून विचारायची. काका तो पडदा तसाच पुढे ढकलत. मी मात्र यादी खाली खाली नेत भारत शोधला आणि निवडला. काकांना हे सुचलं नाही याचं मला हसूही आलं. मग डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडली, तेवढी त्यांची शिकवण मी पाळली, आणि सगळ्या फायली दुसऱ्या मशीनवर उतरवून घेतल्या. अडीच तासांत लॅबचं काम तात्पुरतं चालूही झालं. लोकांनी टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या.

वही मी उघडली नाही. कशाला उघडायची?

साहेबांना त्या एका फाईलची वेळ हवी होती. मी शनिवारच्या सगळ्या फायलींची यादी वेळांसकट छापली, त्यात ती बॅच शोधली आणि तिच्याखाली लाल पेनाने रेघ मारून कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटं. ट्रक गेल्यानंतर अडीच-पावणेतीन तासांनी.

खोलीत बेन होत्या, डिस्पॅचचे कारकून होते. साहेबांनी कागद बेनकडे सरकवला. त्यांनी चष्मा लावून ती ओळ वाचली. "में तो सवारे ज नाख्युं हतुं," त्या म्हणाल्या. सकाळीच टाकलं होतं. साहेब म्हणाले, कॉम्प्युटर तर वेगळं सांगतोय. बॅच तपासायची विसरलात, माल गेल्यावर लक्षात आलं, आणि मग नापासचा शेरा टाकून मोकळ्या झालात, असाच याचा अर्थ होतो. बेननी माझ्याकडे बघितलं. "जो ने बेटा, नीट बघ ने," एवढंच म्हणाल्या. त्या माझ्याशी बोलताना नेहमी अशी मराठी मिसळायच्या.

"बघितलंय बेन," मी म्हणाले. "सीडीवरून उघडलंय. डिस्कला हातसुद्धा लागलेला नाही. त्यात बदल होऊच शकत नाही."

हे मी कुणाला पटवत होते कोण जाणे. गुरुवारी मोठे साहेब मुंबईहून येणार होते, ते निर्णय घेतील, तोवर घरी थांबा, असं बेनना सांगितलं गेलं. त्यांनी लॅबच्या कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि दुपारच्या बसने गेल्या. मला वाईट वाटलं, पण वाईट वाटण्याच्या खाली कुठेतरी आपलं काम चोख झाल्याचं समाधान होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण होतं.

बुधवारी सकाळी काका बसऐवजी स्कूटरने, लाडवांचा डबा घेऊन आले. मी लाडू तोंडात असतानाच सगळी कथा सांगितली, पदरचा थोडा मसाला घालून, आणि यादीची प्रत त्यांच्यापुढे ठेवली. शाबासकी येणार म्हणून उभी राहिले.

काकांनी यादी हातात घेतली नाही. "वही दे," म्हणाले.

"लिहायला वेळच कुठे होता?"

चष्मा पुसून त्यांनी यादी घेतली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. लाल रेघेवर थांबले नाहीत. तसेच खाली गेले, अगदी तळापर्यंत, आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"शनिवारी लॅब किती वाजता बंद होते?"

"सहाला."

"मग ही शेवटची फाईल रात्री सव्वादहाला कोणी लिहिली?"

ती ओळ मीच छापली होती. लाल रेघेच्या खाली आठ ओळी होत्या, आणि आठही ओळींवर लॅबला कुलूप असतानाच्या वेळा होत्या. मी माझी ओळ सापडल्यावर पुढचं वाचलंच नव्हतं.

काकांनी सीडी घातली. मशीन उभं राहिलं, देशाचा पडदा आला. "तू काय केलंस ते कर," ते म्हणाले. मी भारत निवडला. त्यांनी वही उघडून मनगटावरची वेळ लिहिली: दहा वाजून वीस मिनिटं. मग मशीनला वेळ विचारली. तीन वाजून पन्नास मिनिटं, दुपारचे.

"साडेपाच तास," काका म्हणाले.

मग त्यांनी मला समजावलं, आणि त्यांच्या आवाजात जराही कुत्सितपणा नव्हता. मशीनच्या आतलं घड्याळ लंडनच्या वेळेवर असणार असं सीडी धरून चालते. आमच्या सर्व्हरचं घड्याळ कुणीतरी पहिल्याच दिवशी आपल्या वेळेवर लावून ठेवलेलं होतं, देशाच्या जागी मात्र इंग्लंडच राहू दिलं होतं. मी भारत म्हटल्यावर सीडीने आपल्याच वेळेत पुन्हा साडेपाच तास मिळवले, घड्याळातही आणि फायलींतही. बेनची फाईल अकरा चाळीसची होती, ट्रक सुटायच्या जवळजवळ तीन तास आधीची. काकांना या लंडनच्या भानगडीची मुळात काही कल्पना नव्हती, तेही त्यांनी सांगून टाकलं. वर्षापूर्वी एकदा देश निवडल्यावर हातातलं घड्याळ आणि पडदा जुळेना, तेव्हा त्यांनी कारण शोधून काढलं होतं. पदवी माझ्याकडे होती आणि शोध त्यांनी लावला होता. त्या क्षणी मला त्यांचा इतका आदर वाटला, की आपण त्यांच्या वहीला हसलो होतो हे आठवून तिथून पळून जावंसं वाटलं.

"काका, तुम्ही सांगा ना साहेबांना," मी म्हणाले. "तुमचं ऐकतील."

"कागद तू दिलास," ते म्हणाले. "परतही तूच घे. मी शेजारी उभा राहतो. पण आधी त्याला उठवू. साहेबांना दोन कागद दाखवलेस तर ते म्हणतील, उद्या तिसरा आणशील."

मग मी काढून ठेवलेला पट्टा त्यांनी घेतला, खोडरबर काढलं आणि दात घासायला बसले. बेन घरी बसलेल्या, उद्या मोठे साहेब येणार, आणि काका पट्टा खिडकीकडे धरून एकेक दात बघताहेत. त्यांनी मेमरीची तपासणी पुरी होऊ दिली. पूर्ण दोन तास. मी दोनदा म्हणाले की आता बास, आणि दोन्ही वेळा त्यांनी मला स्टूल दाखवलं. दीडच्या सुमाराला सीडी बाहेर काढली आणि सर्व्हर स्वतःच्या डिस्कवरून सुरू केला. तो शहाण्यासारखा उठला. लॅबचं फोल्डर उघडलं. बेनची फाईल, अकरा चाळीस.

साहेबांना आम्ही तिथेच बोलावून आणलं, कागद न दाखवता पडदाच दाखवला. मी बोलले. म्हणाले, सोमवारचा कागद चुकीचा होता, चूक मशीनची नाही, बेनची नाही, माझी आहे. साहेबांचा चेहरा कडक झाला. ते काकांकडे वळले, पण काका भिंतीला टेकून उभे होते आणि माझ्याकडे बघत होते, त्यामुळे साहेबांनाही परत माझ्याकडेच बघावं लागलं. मग त्यांनी डिस्पॅचच्या कारकुनांना बोलावलं. शनिवारी गाडी भरण्याआधी कॉम्प्युटर उघडून बघितला होता का, असं विचारलं. कारकून म्हणाले, घाई होती, बघायचं राहून गेलं.

"बेनना फोन करा," साहेब म्हणाले. बेनच्या घरी फोन नव्हता. काकांनी स्कूटरची किल्ली खिशातून काढली.

नंदेसरीहून प्रतापनगर म्हणजे शहराचं हे टोक ते ते टोक. दार बेननीच उघडलं. दोन दिवसांत त्यांचा चेहरा उतरून गेला होता. आम्हाला बघून त्यांना वाटलं, आम्ही काहीतरी सही घ्यायला आलोय. "तैयार ज छे," म्हणत त्या आत गेल्या आणि घडी घातलेला कागद घेऊन आल्या. गुरुवारी मोठ्या साहेबांना द्यायला त्यांनी लिहून ठेवला होता. गुजराती मला वाचता येतं. माझ्या हातून चूक झाली, वयामुळे आता लक्षात राहत नाही, निकाल मी संध्याकाळीच टाकला असणार, एकोणीस वर्षांची सेवा बघून माफ करावं, असं त्यात होतं.

"पण बेन, तुम्ही तर सकाळीच टाकला होता!" मी जवळजवळ ओरडले.

"हो, मलाही तसंच आठवत होतं," त्या म्हणाल्या. "पण कॉम्प्युटर खोटं कशाला बोलेल, बेटा? आणि तू सांगितलंस ने, बदल होऊच शकत नाही. मग मी विचार केला, माझंच डोकं चालत नाही आता."

मी त्यांना सगळं सांगितलं. साडेपाच तास, देश, लाल रेघ, सगळं. त्यातलं त्यांना किती कळलं कोण जाणे. त्या दाराची चौकट धरून ऐकत होत्या. मी गप्प झाल्यावर त्यांनी विचारलं, "एटले सवारे ज ने?"

"हो बेन. सकाळीच. अकरा चाळीसला."

"पाकुं ने?"

"अगदी पक्कं."

त्या उंबऱ्यावर बसल्या, माझा हात धरला, आणि पुन्हा एकदा तेच विचारलं.